भित्त तिकडं हाये

अख्ख्या अकोल्यात घर कसं ठेवा लागते हे समजनारा मानूस मी एकच पाह्यला, अन् त्याच्यापाशी घर नोतं. आमच्यापाशी होती ना घरं. माह्यापाशी त कौलाची दीड खोली होती, म्हंजे एक खोली उभी अन् अर्धी पडेल. पन घर ठेवाची अक्कल त्या बुढ्यापाशी होती. हे आज सांगून राहिलो मी. तवा माह्या तोंडातून वेगळंच निघालं होतं, ते पुढं सांगतो. आधी सांगतलं त तुमी उठून जासान.

मी कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर पानठेला चालवत होतो. शाळेत दोन दिवस गेलो. पह्यल्या दिवशी मास्तर आला नाई, दुसऱ्या दिवशी मी पळालो. लिहिता-वाचता येत नाई, पन तोंड असं चाले का गिऱ्हाईक पानापेक्षा माह्या थट्टेसाठीच उभं राहे. ठेल्याच्या समोर, रस्त्याच्या पल्याड, एका बंद दुकानाचा ओटा होता. त्या ओट्यावर हा बुढा राहे. कवापासून, ते कोनाले मालूम नाई. सारे त्याले आबाजी म्हनत. रोज सकाळी नळावर आंघोळ करून तो ओटा झाडे, आठ दिवसानं शेनानं सारवे. एका कोपऱ्यात तीन धोंड्याची चूल, दुसऱ्या कोपऱ्यात तवा अन् पिठाचा डबा, अन् समोरच्या अंगाले दोन विटा, दोन हात अंतर सोडून. त्या विटा म्हंजे दार. बाकी तिन्ही बाजूनं मोकळी हवा. पन बुढ्याच्या मतानं तिथं भित्ती होत्या.

पह्यल्यांदा मी चुना मांगाले कोपऱ्यावरून चढलो त बुढा असा ओरडला का माह्या हातातली डबी पडली. "अरे अरे, भित्त तिकडं हाये! दारातून ये ना बाप्पा."

म्या चारी बाजूनं पाह्यलं. "कुठी हाये भित्त?"

"दिसत नाई त नाई दिसत. लागली म्हंजे समजीन."

मंग मी खाली उतरलो, वळसा घातला, चपला काढल्या, दोन विटायच्या मधातून आत गेलो. आत म्हंजे तिथंच. त्यानं पोतं झटकून बसाले देलं, गडव्यानं पानी देलं, अन् "घरी सारे बरे ना?" असं इचारलं. चुना मांगाचा मी इसरूनच गेलो. एक डाव त्याले उठवाले पोलिसाचा जमादार आला, हातात दंडा घेऊन. बुढा म्हने, "या जमादारसाहेब, दार उघडंच हाये." त्या जमादारानं खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या! आत जाऊन पानी पेला, बाहीर येऊन पुन्ना नाड्या बांधत बसला, अन् कायसाठी आलो होतो ते आठवत-आठवत निंगून गेला.

म्या एकदा भर गिऱ्हाइकात त्याले छेडलं, "आबाजी, जे नाई ते हाये म्हनून कावून चालता?" त्या वर्सायत आमचं वऱ्हाड मध्यप्रदेशातून निंगून मुंबईच्या राज्यात गेलं होतं, अन् मंग तेही मोडून महाराष्ट्र झाला. बुढा म्हने, "तू ठेल्यावरून हालला नाई अन् तुहं राज्य दोनदा बदललं. सरकारनं काढलेली रेघ दिसली काय तुले? तरी मानतं ना? मंग माह्या भित्तीनंच काय घोडं मारलं?" गिऱ्हाइकं त्या दिवशी माह्यावर हासली. मले ते पचलं नाई, म्हनून त्याच्या नावानं बाता सोडाचा धंदा म्या सुरू केला.

पह्यले म्या त्याले भिकारी ठरवलं. एका दुपारी शिळी भाकर त्याच्या ओट्यावर ठेवून आलो. सांजच्याले तीच भाकर फडक्यात बांधून बुढा ठेल्यावर हजर. "बाप्पा, तुही भाकर माह्या घरी राहून गेली." मंग म्या सांगतलं का हा सीआयडी हाये. आठ दिवस कापसाचे दलाल त्याले रामराम घालत होते. मंग त्याच्या करदोट्याले एक किल्ली लटकेल दिसली. किल्ली हाये अन् कुलूप नाई, म्हंजे ओट्याखाली धन पुरेल असीन, अशी म्या पुडी सोडली. एका हुशार गिऱ्हाइकानं, बुढा नळावर गेला असताना, ओट्याचा दगडच उचकटून पाह्यला. निंगालं काय, त एक झुरळ. पन त्या धांदलीत बुढ्याचा तवा गेला. बुढा आला, पाह्यलं, अन् म्हने, "चोर मोरीकडून आला." आमी पोट धरून हासलो. त्या दिवसापासून तो आंघोळीलेही पळत जाय अन् पळत ये, अन् त्या पळन्यावरही आमी हासलो. त्या किल्लीचं खरं काय होतं? दर्यापुराकडं पूर्नेच्या काठी त्याचं घर होतं अन् ते पुरात गेलं, असं कोनी म्हने. म्या कवा इचारलंच नाई. इचारलं असतं त बाता मारता आल्या नसत्या.

अन् बुढा काई रिकामा नोता बरं. जिनिंगची फाटकी बारदानं तो दाभन-सुतळी घेऊन शिवे. हंगाम सरला का लोकायच्या गोधड्या. माह्या ठेल्यावर दिवसभर टेकून बसनारे बारा जन होते, त्या बाराईपेक्षा तो एकटा जास्त काम करे. पन ते बारा जन घरवाले, म्हनून ते इसावा घेत. अन् हा बिनघराचा, म्हनून हा आळशी. एका हिवाळ्यात दोन दिवस त्यानं झाडलं नाई, नुसता गुडघ्यात डोकं घालून बसला. म्या इकडूनच हाक देली, "आबाजी, घर झाडा ना, पाहुने आले त?"

"बिमार हावो बाप्पा."

"मंग पडून राहा ना लेकहो."

"पडू कुठी? घरात दिवसा झोपला त मानूस बिमार. ओट्यावर झोपला त दारू पेला." मंग म्हने, "थंडीचं काई नाई. बिमार पडाले जागा नाई."

म्या ते वाक्य दिवसभर गिऱ्हाइकायले थट्टा म्हनून सांगतलं. माही थोरली पोरगी तवा चौदा-पंधराची. तिले घरी ते सांगतलं त ती हासली नाई. तुळशीचा काढा घेऊन गेली, दारातून. अन् तिथं दोन दिवस बसली, म्हंजे तो आडवा झाला तरी लोकायले दिसावं का घरचं मानूस उशाशी हाये.

आता ते सांगतो, जे सांगाले मी इतका वेळ टाळून राहिलो.

थोरलीचं लगन ठरलं, अमरावतीले देली. आमच्याकडं आवतन दोन परकारचं असते. एक घरामागं एक मानूस, अन् दुसरं चूलबंद. चूलबंद म्हंजे लेकराबाळासकट सारं घर जेवाले, त्या दिवशी त्या घरी चूल पेटवाची नाई. हळदीच्या अक्षदा घेऊन दारात जा लागते अन् तोंडानं म्हना लागते. म्या ऐपत नसताना तोऱ्यात साऱ्या गल्लीले चूलबंद सांगतलं. लगनाच्या दोन दिवस आधी थोरली ठेल्यावर आली. "बाबा, आबाजीले आवतन देलं काय?"

ठेल्यावर पाच-सहा गिऱ्हाइकं. माह्या तोंडाले खाज. मी म्हटलं, "त्याले कायचं आवतन वं? वासावर येईन तो!"

भल्ले हासले सारे. मीही हासलो. थोरली नाई हासली, ती ओट्याकडं पाहत होती. ओटा बारा पावलावर. बुढा सुई घेऊन काईतरी शिवत होता, मान खाली. भित्ती असत्या त त्याले ऐकू गेलं नसतं. पन भित्ती नोत्या ना.

लगनाच्या दिवशी साऱ्या गल्लीत चूल बंद. एका कौलातून धूर नाई. मी फेटा बांधून मांडवात मिरवून राहिलो, अन् मधातच नजर गेली. ओट्यावर धूर. बुढ्यानं आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, चूल पेटवली होती. भाकर थापून राहिला होता, शांतीत, रोजच्यासारखी. वासावर कोनी आलं नाई. पंगत उठल्यावर मले राहावलं नाई, म्या पत्रावळीवर बुंदी, भात, वांग्याची भाजी असं सारं घेतलं अन् गेलो. बुढा दारात आला, विटायच्या आतल्या अंगानं उभा राह्यला.

"पाहुन्याचं पान पाहुन्याले वाढ बाप्पा. माहं जेवन झालं. धूर त साऱ्यायनं पाह्यला."

सांजच्याले पोरीची मोटर निंगाली, ओट्यासमोर आली त थोरलीनं थांबवली. नवी नवरी उतरली, वळसा घालून दारापाशी गेली, चपला काढल्या, आत जाऊन पाया पडली. बुढ्यानं पोत्याखालून गोधडी काढली. महिनाभर मान खाली घालून तो हेच शिवत होता. रंगीत चिंध्या, बारीक धावदोरा. "आहेर घेऊन मांडवात येता नाई आलं माय. आवतन नोतं," असं म्हटलं त्यानं, तक्रार केल्यासारखं नाई, नुसतं कारन सांगतल्यासारखं. काईतरी करावं म्हनून मी धडपडत कोपऱ्यावरून ओट्यावर चढलो, गोधडी मोटरीत ठेवाले.

त्या दिवशी बुढा "भित्त तिकडं हाये" म्हनाला नाई. बाजूले सरला नुसता. अन् भित्त मले लागली.

सालभरात दुकानाच्या मालकाच्या पोरानं कुलूप उघडलं, तिथं रेडिओचं दुकान टाकलं. बुढ्यानं घर एका बोचक्यात बांधलं, ते तीन धोंडेही त्यातच घातले. स्टेशनाच्या रस्त्यानं जाताना मले म्हने, "घर बदलून राहिलो." मी जागेवरून उठलोही नाई. शरम होती, पन माह्यात शरम आली का ती थट्टा होऊनच बाहीर निंगते, म्हनून तोंड दाबून बसलो. जलमात पह्यल्यांदा चूप बसलो, तेही चुकीच्या टायमाले.

मंग थोरलीले पोरगी झाली. बारसं अमरावतीले. आदल्या दिवशीच मी अन् बायको पोचलो. थोरलीनं माह्या हातात अक्षदा ठेवल्या. "आबाजी इथं कापूस बाजाराच्या भित्तीपाशी राहते. तुमीच जा." सकाळी गेलो. तीन धोंडे म्या लांबूनच ओळखले. दोन-दोन विटा, दोन जागी होत्या. मी चपला काढून आत शिरू लागलो त आवाज, "अरे, ते दार नाई, तो गोठा! दार इकडून." त्या ओरडन्यानं मले इतकं बरं वाटलं, काय सांगू. गोठा म्हंजे एक भटकं कुत्रं होतं.

मी दारात उभा राह्यलो, धोंड्यावर अक्षदा ठेवल्या. "आबाजी, नातीचं बारसं हाये. या."

"घरामागं एक?"

"चूलबंद."

बुढ्यानं गडवा उचलला अन् पेटल्या चुलीवर पानी ओतलं. चर्र झालं. मंग गडवा हातात धरूनच इकडं-तिकडं पाहू लागला. तवा, डबा, पोतं. "पन घर कोनाच्या भरोशावर सोडू?"

तवा मले उमजलं. अकोल्याच्या लगनाले म्या आवतन देलं असतं, तरी हा प्रश्न होताच. अन् मी म्हनत होतो, याच्यापाशी राखाले हाये काय.

"मी बसतो," म्हटलं. "मी राखतो घर."

बुढा धोतर झटकून गेला अन् मी नातीच्या बारशाले बुढ्याच्या घरात बसलो. बायको मंग म्हने, "जलमात पह्यल्यांदा हे कामाच्या जागी बसले." पह्यल्या घंट्यात एक पोलीस आला, दंड्यानं मले टोचलं, "ए, नवा काय बे?" "या साहेब, दार तिकडं हाये," म्या म्हनून पाह्यलं. मले नाई जमलं ते. दुसरा दंडा बसला. लघवीले लागली, उठता येईना, बुढ्याचा तवा चोरीले जाईन. ऊन आलं तसा सरकलो, त भित्तीच्या बाहीर गेलो अन् पुन्ना उन्हात येऊन बसलो. शाळेतली पोरं पाह्यत गेली, एका बाईनं पदर सावरून पाय उचलला. अन् समोर पानठेला होता. ठेलेवाल्याचं तोंड माह्यासारखंच. गिऱ्हाइकायले म्हने, "बुढ्याचा भाऊ आला वाटते. सुटाबुटातला भिकारी!" सूट कायचा, बारशासाठी घातलेला नवा सदरा होता. हासले सारे. मले सारं ऐकू आलं. तिथून सारंच ऐकू येते.

ऊन उतरता-उतरता बुढा आला. दारातून आत आला, चपला काढल्या, शिऱ्याचा वास येनारं पान माह्यासमोर ठेवलं. "पोरीनं बांधून देलं तुह्यासाठी. उष्टं नाई, मी पाह्यलं." मंग बसला अन् घरधन्यासारखं इचारलं, "कोनी आलं होतं काय घरी?"

"नाई," म्हटलं मी. "कोनी आलं नाई."

मी जेवलो. शिरा गार झाला होता. बुढा गडव्यानं पानी वाढत होता अन् नातीचं नाक कोनावर गेलं ते सांगत होता, अन् मी मान वर केली नाई.

बुढा जाऊन आता भल्ले दिवस झाले. त्याची गोधडी नातीनं फाडली अन् थोरलीनं पुन्ना शिवली. कापूस बाजाराची ती जागा रस्त्यात गेली, गाड्या सुसाट जातात तिथून. अमरावतीले गेलो का मी त्या जागी येतो, अन् सरळ न जाता वळसा घालतो. मीही आता बुढा झालो, पाह्यनारे म्हनतात, या बुढ्याचं डोकं फिरलं. म्हनू द्या. मले ऐकू येते.