खुर्ची आधी ठोकून पाहावी

आमच्या रविवारच्या टोळक्याचे किस्से एकदा लिहून ठेवायला हवेत, असं नेहमी वाटतं. पण लिहायला बसेपर्यंत नवे दोन झालेले असतात!

अमरावतीत माझ्या घरी आम्ही फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. गोष्ट मी रचतो. वैशाली आणि गणेश त्यातले शूरवीर. वैशाली नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात, गणेश वरुडला संत्र्याच्या धंद्यात. गोष्टीत मी अधूनमधून 'बहुरूपी' सोडतो, म्हणजे वस्तूचं सोंग घेऊन बसलेला राक्षस. हात लावला की चावतो!

* * *

पहिला बहुरूपी खजिन्याची पेटी होऊन बसला होता. गणेशनं झाकण उघडलं आणि त्याच्या वीराचा पंजा गेला. गडी माझ्यावरच उखडला, "दिवसभर पेट्याच उघडतो मी. एक तरी चावली का मले?"

* * *

मग दोघांना प्रत्येक वस्तूचा संशय. एक अख्खा रविवार बादलीत गेला. साधी बादली आहे, मी शपथेवर सांगितलं.

"मंग एवढ्या शपथा काहून घेऊन राहिला?" म्हणत वैशालीनं भाला खुपसला. बादली गळायला लागली. तोवर तिकडे राक्षस गाव जाळून मोकळा झाला होता!

* * *

एकदा दोघं गोष्टीतल्या सरपंचाकडे गेले. त्यानं खुर्ची दिली. आपल्याकडे 'बसा' म्हटल्यावर पाहुणा उभाच राहिला तर केवढा अपमान! पण दोघं बसेनात. शेवटी गणेशनं हात जोडले, "आधी तुमी बसा जी, तुमी मोठे."

बहुरूपी मीच ठेवलेला, काय करणार? सरपंच बसला आणि खुर्चीनं त्याला गिळलं.

वैशाली म्हणते, "खुर्चीनं सरपंच खाल्ला, यात नवीन काय?"

* * *

पुढे गणेशचा पाय खऱ्या खुर्च्यांनाही ठोकू लागला. त्याची आई माझ्याकडे आली. आधीची स्थळं फिसकटलेली, आता अकोल्याची रेणुका बघायची होती आणि तिचा फोटो पाहूनच गणेश विरघळला होता.

"तिथं यानं खुर्चीले लात मारली न, तर याले तुमच्याच घरी आनून टाकीन. सांभाळा जन्मभर!"

मला खरंच धास्ती वाटली. म्हणून अकोल्याला मीही सोबत गेलो.

रेणुकाच्या वडिलांनी खुर्ची पुढे केली. गणेशच्या पायानं सवयीनं तिला टक्कन ठोकलंच! आईनं डोळे मिटले. रेणुका चहा घेऊन आली, तसा गणेशनं घाबरून अर्धा कप एका घोटात संपवला.

"खुर्चीले काय झालं जी?" वडिलांनी विचारलं.

रेणुकानं ट्रे ठेवला आणि गणेशकडे पाहिलं.

"खुर्ची साधीच आहे, बहुरूपी नाही. कप तपासला का?"