सुटलेलं पथ्य

बायकोच्या दहाव्याला आलेली माणसं मला सांगून गेली की बायकोचं करावं तर असं. शेवटपर्यंत मिठाचा कण तिच्या तोंडी जाऊ दिला नाही, म्हणाले. ते खरं आहे. जाऊ दिला नाही. पण लोक ते ज्या अर्थानं सांगतात तो अर्थ त्याला नाही. आता माझंही वय झालं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मी कालव्यावर पाटकरी होतो. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जायचं ते बघायचं, दारं उघडायची, बंद करायची. निवृत्त झाल्यावर काटेवाडीजवळ वस्तीवर राहायला आलो. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. तिला साखर आधीपासून होती. मग बीपी आलं, पायांवर सूज आली, मूत्रपिंडं गेली. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून हृदयही थकलंय म्हणून सांगितलं. प्रत्येक आजाराचं पथ्य निराळं होतं. एकाला चालेल ते दुसऱ्याला चालत नसे. पालेभाजी उकळून, पाणी ओतून टाकून मग शिजवायची. मीठ कशालाच चालत नव्हतं. पाणीसुद्धा मोजून द्यायचं.

स्वयंपाक मी शिकलो. मिठाची बरणी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. सकाळी एक तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवायचो, तेवढ्यात दिवस काढायचा.

"सगळ्या शिवाराला पाणी सोडलं, आन मला तांब्या," ती म्हणायची. "माझा पाट कवा सुटायचा वो, साहेब?"

"धरणातच कमी हाय," मी म्हणायचो.

"मग अर्ज करते वरच्या साहेबाला."

सुरुवातीला आम्ही यावर हसायचो. पुढं पुण्याला मशीनवर रक्त धुवायला न्यायला लागलो, तेव्हा हसणं बंद झालं. जाताना जीपमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं टेकायची, येताना उलट्या करायची. घरी आल्यावर पडून राहायची. उठून बसायला लागली की पुन्हा जायची वेळ आलेली असायची.

एकदा बारामतीच्या डॉक्टरांनी तिला तपासून बाहेरच्या बाकावर बसायला पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. हे डॉक्टर कमी बोलायचे.

"पुण्याला नेणं आता थांबवलं तरी चालेल," ते म्हणाले. "मशीननं त्यांना बरं वाटत असतं तर मीच न्या म्हणालो असतो. घरी ठेवा. दम लागला तर त्याचं औषध देतो, दुखलं तर त्याचं. मी गाडीवर येऊन बघून जात जाईन. आणि पथ्य सोडा. जे मागतील ते द्या."

आमच्या भागात हे वाक्य एकाच अर्थानं बोललं जातं. जे मागतील ते द्या, असं डॉक्टर म्हणाले की पाहुण्यांना निरोप जातात. कुणी पेढे घेऊन येतं, कुणी द्राक्षं. माझ्या वडिलांच्या वेळी असंच झालं होतं. आयुष्यभर बाजरीची भाकरी खाल्लेल्या माणसापुढं कुणीतरी श्रीखंडाची वाटी धरली. त्यांनी वाटीकडं बघितलं, आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"मी दिवसांचं बोलतच नाही. आहेत तोवर त्रास कमी व्हावा, एवढंच म्हणतोय. त्यांनाच विचारा ना, त्यांना काय हवंय ते. मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

बाहेर ती बाकावर चपला काढून बसली होती. सुजलेली पावलं फरशीवर टेकवली होती, गार लागावं म्हणून.

"काय म्हणाले?"

"पथ्य सांभाळा म्हणाले. कडक."

ती माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिली. "आन पुणं?"

"पुणं हायच."

"बरं," म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

त्यानंतर मी त्या डॉक्टरांकडं तिला नेलंच नाही. जोवर पथ्य आहे तोवर तिला वाटेल की इलाज चालू आहे, असा माझा हिशेब. तिला वाटावं म्हणून की मला वाटावं म्हणून, हे तेव्हा मी तपासलं नाही.

तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि तिची थोरली बहीण, आक्का, भिगवणजवळ राहायला आली. धरणाच्या पाण्यातली चिलापी मासळी तिकडं दारात मिळते. पथ्य सुरू झाल्यापासून बायकोचं एकच मागणं होतं. एकदा चिलापी खायची, मीठ-मिरची लावून कडक तळलेली. सणासुदीला, पावसाळ्यात, मशीनवरून उतरल्यावर, कधीही ती ते बोलून दाखवायची. मी "बरी झालीस की" म्हणायचो.

आक्का एक दिवस एसटीनं आली ती डबा घेऊनच. खाटेवर बसून तिनं झाकण काढलं. वास घरभर झाला. मी दारात उभा होतो.

"दाजी, एक तुकडा देते," आक्का म्हणाली. "एका तुकड्यानं काय तुमचा कालवा फुटतोय का?"

मी नुसतं 'दे' म्हणायचं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिलेली होती. पण मी, मिठाला कुलूप लावणारा माणूस, 'दे' म्हणालो की तिला सगळं कळणार होतं. मला वडिलांचं तोंड फिरवणं दिसत होतं. बायको माझ्याकडं बघत होती. बाकावरून बघितलं होतं तसंच.

मग तिनं डबा हातानं बाजूला सारला.

"न्हाय आक्का. पथ्य हाय माझं. ह्येंनी एवढं केलंय, ते कशाला मोडू?"

"अगं, मी एवढ्या लांबनं आणली."

"मग तू खा. हितंच बस माझ्याम्होरं आन खा."

आक्का मान खाली घालून खात राहिली. बायको तिच्या बोटांकडं बघत होती. मधेच म्हणाली, "काटा बघून खा."

पुढचं थोडं आहे. ती पुण्यालाच गेली, वॉर्डात, हाताला सुई असताना. आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "घरी जायाचं का?" मी म्हणालो, "एवढं झालं की जाऊ." तिला घरी आणताना गाडी भिगवणवरून घेतली, आक्काला बरोबर घ्यायचं होतं. रस्त्याकडेच्या हॉटेलांत मासे तळत होते. मला काही वाटलं नाही. काही तरी वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

बऱ्याच दिवसांनी बारामतीत त्या डॉक्टरांची गाठ पडली. बातमी त्यांना कळली होती. "शेवटी काही खावंसं वाटलं का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"चिलापी," मी म्हणालो. "आक्काकडं, भिगवणला. तिथंच होती ती."

"दिलीत?"

"दिली."

"चांगलं केलंत," ते म्हणाले. इतकं बोलून मी तिथून निघालो आणि मंडईतून भाजी घेऊन घरी आलो.

पुढच्या उन्हाळ्यात कऱ्हाटीचा एक माणूस वस्तीवर आला. त्याच्या आईला साखर, दमा, शिवाय अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. बारामतीच्या त्याच डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं होतं, आणि म्हणाले होते, काटेवाडीकडं एक पाटकरी आहेत, त्यांनी नीट केलं, बायकोला हवी ती चिलापी दिली, त्यांना विचारा.

"आबा, पथ्य सोडलं तर भावकी म्हणंल आईला टाकली," तो म्हणाला. "आन आईला काय सांगायचं? तिला कळंल न्हवं?"

"कळंल," मी म्हणालो. "तिला विचार. काय पाहिजे, कुठं राहायचं, तिलाच विचार."

"तुमी इचारलं व्हतं?"

"व्हय."

"मग दिली चिलापी? खाल्ली त्यांनी?"

"खाल्ली."

"चांगली खाल्ली?"

"काटा बघून खाल्ली," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैल झाला. चहा पिऊन गेला. नंतर एकदा बाजारात भेटला तेव्हा सांगत होता, आईनं ठेचा मागितला आणि मीठ कमी पडलं म्हणून सुनेला चार शिव्या घातल्या. हे सांगताना तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मी मान हलवली.

आता मला स्वतःला साखर आहे, हृदयाचं आहे, गुडघे गेले आहेत. सून डाळीत मीठ घालण्याआधी माझी वाटी बाजूला काढते. मुलाला मी सांगून ठेवलं आहे, डॉक्टर बाजूला घेऊन काही बोलायला लागले तर मला बाकावर पाठवायचं नाही. त्यानं का म्हणून विचारलं. त्याला हे वाचायला देईन.

तिनं चिलापी खाल्ली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. त्या दिवशी राहिलेले तुकडे आक्कानं कुत्र्याला घातले, डबा राखेनं घासला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत नेला.