न्हाणीतली फरशी

बायको गेली त्या दिवशी अंगणभर कांदा पसरलेला होता. म्हणून तिला शेवटची आंघोळ न्हाणीतच घातली, शहाबादी फरशीवर. तेरावं झालं आणि सून म्हणाली, "मी त्या फरशीवर आता आंघोळ करायची न्हाई. अंगावर काटा येतो."

मी म्हणालो, "तुझं बाळंतपणाचं न्हाणं तिथंच झालं. सव्वा महिना तिनंच तुला घासून काढली. तवा काटा आला न्हाई?"

"तवा त्या जित्या हुत्या."

पोरगं बायकोचंच ऐकतं. मीही ऐकायचो, पण माझी बरी होती.

नवी फरशी आणायला दोघं राहात्याला दुकानात गेले, तेव्हा मलाही नेलं. टेम्पोत मागं फरश्या धरून बसायला माणूस पाहिजे होतं.

दुकानदारानं दोन फरश्या पुढं ठेवल्या. एक चकचकीत, एक खरबरीत. म्हणाला, "घरात म्हातारं माणूस आसंल तर खरबरीत घ्या. पाय सरकत न्हाई."

सून म्हणाली, "खरबरीतात मळ बसतो. घासायचा कुनी? आन् तात्यांसाठी म्हनून घ्यायची, तर ते आता किती दिस..." पुढचं तिनं गिळलं. दुकानदार उगाच फरशीवरची धूळ पुसायला लागला. चकचकीत घेतली, पांढरी.

भिंतीला मासे काढलेल्या फरश्या घेतल्या. मी म्हणालो, "हिरीला पानी न्हाई आन् भिंतीवर मासं पोहत्यात." कुणी हसलं नाही. शॉवर घेतला ताटाएवढा. पोरगं म्हणालं, "तात्या, तुमी आपली बादलीच घ्या. ह्याला पानी लई लागतं."

गवंड्याला मी बजावलं, जुनी फरशी फोडू नको, पहारीनं हळू उचल, अंगणात नळापाशी ठेव. त्यानं अख्खी काढली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी रानातनं आलो तर फरशी नळापाशी नव्हती. संडासाच्या टाकीवर झाकण म्हणून बसवली होती.

पोरगं म्हणालं, "जुनं झाकण फुटलं हुतं. ही बरोबर मापात बसली."

"आईला न्हाऊ घातलं ती फरशी गुवावर टाकली व्हय रं?"

"तात्या, दगड हाय त्यो."

सून म्हणाली, "वाया तर न्हाई ना गेली."

तेव्हापासून मी टाकीवरच आंघोळ करतो. बादली घेतो आणि त्या फरशीवर उघडा बसतो. टाकी रस्त्याच्या कडेला आहे. डेअरीला दूध घालायला जाणारे माना वळवून बघतात.

काल पोरगं आलं. "आत येवढी चांगली न्हानी बांधली. लोक मला काय म्हनतील?"

"म्हनतील, बापाला भाईर काढला."

"तात्या, उठा."

मी अंगावर तांब्या ओतला आणि म्हणालो, "मेल्यावर मलाबी हितंच पानी घाला. आतली फरशी परत बदलायला नको."

सून दारातच उभी होती. म्हणाली, "बरं."