पुल्यातल्या नखुल्या

पाच मराठी माणसं भाड्याच्या एका व्हॅनमध्ये आठ दिवस बसली की किस्से आपोआप साठतात. आमच्या त्या ट्रिपचे फोटो कॉम्प्युटर क्रॅश झाला तेव्हा गेले. किस्से मात्र जात नाहीत, दरवर्षी थोडे वाढतातच. आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, कुणाकडे पॉटलक असलं की भाजी गरम होईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "ए, ते इटलीचं सांग ना." मग मी सांगते. सुनील, म्हणजे माझा नवरा, मध्येमध्ये दुरुस्त्या सुचवतो. त्या कुणी ऐकत नाही.

साल दोन हजार सहा. मिलिंद आणि रश्मी आमचे शेजारी. तो सांगलीचा, आम्ही दोघं नागपूरचे. मिलिंदची आई, लीलाकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी लेकाला सांगून टाकलं, माझं सांगलीचं तिकीट अलीकडे आण. भांडण नाही, तंटा नाही. रश्मी तर जीव लावायची. पण भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं आणि पोळ्या इंडियन स्टोअरमधून फ्रोझन येतात.

"दोन महिन्यांत मी एकदाच फोन उचलला, तोही राँग नंबर," काकू मला म्हणाल्या. "मला इथे काम काय आहे गं?"

मिलिंदला ते फार लागलं. इटलीची ट्रिप आधीच ठरलेली होती, काकूंचा व्हिसा मुंबईहूनच करून आणला होता. मिलिंदने मनाशी धरलं की या आठ दिवसांत आई खूश झाली पाहिजे, म्हणजे तिकिटाचा विषय संपेल. आणि मिलिंदने काही मनाशी धरलं की तो एक्सेल उघडतो.

*

रोम, व्हेनिस सगळेच करतात, आपण लोकल हेरिटेज बघायचं, असं त्याने आमच्या सोफ्यावर बसून जाहीर केलं. कुठे, तर पुल्या. इटलीच्या बुटाची टाच.

"पुलिया?" सुनील म्हणाला. "पुलिया बघायला इटलीला कशाला? आमच्या नागपुरात दर नाल्यावर एक आहे."

मिलिंदने Puglia असं स्पेलिंग लिहून दाखवलं. ते रश्मीने 'पगलिया' वाचलं. सुनीलच्या मते तेच जास्त बरोबर होतं.

एक्सेलमध्ये वार, वेळ, ठिकाण, हेरिटेज असे रकाने होते. शेवटचा रकाना 'आई'. त्यात प्रत्येक ठिकाणी पायऱ्या किती, ते लिहिलेलं. काकूंचे गुडघे दुखायचे ना. मला तो रकाना बघून भरूनच आलं होतं, पण सुनील हसत होता म्हणून मीही हसले.

*

एका शेतातल्या जुन्या दगडी घरात आमचं बुकिंग होतं. फॉर्मवर मिलिंदने गाव लिहिलं होतं डब्लिन. आम्ही उतरलो तर दारावर हिरव्या कागदी पताका, आणि मालक हात पसरून उभा. "आयरिश! आयरिश!"

मिलिंदने ओहायो समजावून सांगायचा प्रयत्न केला. ओहायो हे आयर्लंडमध्येच कुठेतरी असणार, असं मालकाने ठरवून टाकलं. काकूंनी मला विचारलं, हा काय म्हणतोय? मी म्हटलं, त्याला वाटतंय आपण आयरिश आहोत, म्हणजे गोरे. काकूंनी स्वतःची पाचवारी बघितली, खालचे स्नीकर्स बघितले आणि हळूच म्हणाल्या, "चष्मा विसरलाय वाटतं."

सकाळी ब्रेकफास्टला तीन प्रकारचे सॉसेज. काकू शुद्ध शाकाहारी. त्यांनी पाव आणि टोमॅटो खाल्ला, आणि बिचाऱ्याने मनापासून केलंय, कुणी तोंड वाकडं करायचं नाही, असा आम्हालाच दम दिला. आम्ही आठही दिवस आयरिश राहिलो.

*

त्या भागात दगडी शंकूसारख्या छपरांची घरं आहेत. छपरांवर पांढऱ्या रंगात चिन्हं काढलेली. आमची गाइड मालकाचीच पुतणी होती. ती सांगत होती की ही चिन्हं दृष्ट लागू नये म्हणून असावीत, नक्की अर्थ आता कुणाला ठाऊक नाही.

काकूंनी मान वर केली. सूर्य, चंद्र, त्रिशूळ अशी एकेक मोजली. मग म्हणाल्या, "हे चैत्रांगण आहे. पण कासव राहिलंय."

चैत्रात अंगणात काढतात ती रांगोळी. मिलिंदने मोडक्यातोडक्या भाषांतरात ते गाइडला सांगितलं. पोरगी इतकी मनापासून ऐकत होती की तिने वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रश्मीचा विसरलेला स्कार्फ आणायला आम्ही तिथे परत गेलो. तीच गाइड एका अमेरिकन ग्रुपला घेऊन उभी होती. छपराकडे बोट दाखवून त्यांना सांगत होती, आयर्लंडच्या एका तज्ज्ञ बाईंच्या मते इथे एक कासव राहून गेलेलं आहे.

*

दुपारी अडीचला म्युझियम, असं एक्सेलमध्ये होतं. गेलो तर म्युझियम बंद, दुकानं बंद, अख्खं गाव बंद. मिलिंद दार ठोठावायला लागला. वरच्या खिडकीतून बनियन घातलेले एक आजोबा डोकावले आणि जे काही बोलले त्याला भाषांतराची गरज नव्हती.

"झोपलेल्या गावाला उठवू नये," काकू म्हणाल्या, आणि झाडाखालच्या बाकावर बसून त्यांनी स्वतःही डोळे मिटले.

मिलिंद हरखला. आई रमली, असं त्याने माझ्या कानात सांगितलंसुद्धा. तासाभराने काकूंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "छान आहे हो सगळं. तिकिटाचं बघितलंस का रे?" बिचारा व्हॅन आणायला गेला.

*

आता शेवटचं. निघायच्या दोन दिवस आधी मिलिंदने 'हेरिटेज पास्ता क्लास' ठेवला होता. रजा टाकून लोकांच्या घरी कणीक मळायची, हे काकूंच्या पचनी पडेना. त्या कोपऱ्यात खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसून राहिल्या.

शिकवणाऱ्या कार्मेलाबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांची मुलगी आन्ना थोडं इंग्लिश बोलायची. रवा, पाणी, बास. कार्मेलाबाई गोळी सुरीने ओढायच्या, अंगठ्यावर उलटवायच्या, की इवलासा कान तयार. तोच त्यांचा पास्ता. माझा कान त्यांनी बघितला आणि सरळ परत पिठात घातला. सुनीलचाही घातला. मिलिंदचा मात्र उचलून आन्नाला दाखवला, आणि मायलेकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

काकूंना ते बघवेना. त्या उठल्या, हात धुतले, चिमूटभर कणीक घेतली आणि नखाने अशी काही ओढली की झाली नखुली. मग शंखुली. मग मालत्या. मग गव्हले, तांदळाच्या दाण्याहून बारीक. लग्नाच्या रुखवतात मांडतात आणि खिरीत घालतात, ते. मी फक्त नावं ऐकली होती.

कार्मेलाबाईंचे हात थांबले. त्यांनी चष्मा लावला आणि एक गव्हला बोटावर घेऊन उजेडात धरला. मग स्वतःच्या शेजारी एक खुर्ची ओढली आणि आमच्या पुढ्यातली सगळी कणीक काढून घेतली. आमचा क्लास संपला.

पुढे दोन तास काकू अस्सल सांगलीच्या मराठीत आणि कार्मेलाबाई त्यांच्या गावच्या बोलीत बोलत होत्या. आन्नाने पहिल्या पाच मिनिटांतच भाषांतर सोडून दिलं. आम्ही चौघं अंगणात बसून राहिलो.

शेवटी मिलिंद आत गेला. मी दारातच होते.

"आई, निघू या. आणि मी विचार केला, तुझ्या मनाविरुद्ध नको. सांगलीचं अलीकडचं तिकीट काढतो."

काकूंनी मान वर केली नाही. "सांगलीचं राहू दे. माझं परवाचं बदल. शनिवारनंतरचं घे."

"शनिवारी काय आहे?"

"कार्मेलाबाईंच्या नातीचं लग्न. मुलाची आई खाष्ट आहे रे. रुखवताला नाव ठेवायला जागा नको."

"आई, तुला इटालियन कधीपासून यायला लागलं?"

काकूंनी पुढचा गव्हला वळला. मिलिंद आन्नाकडे वळला आणि इंग्लिशमध्ये विचारलं, तुमच्याकडे कुणाचं लग्न आहे का? आन्नाच्या हातातला कॉफीचा ट्रे थांबला. माझ्या मुलीचं, शनिवारी, ती म्हणाली. पण तुम्हाला कुणी सांगितलं?

"आणि मुलाची आई?"

आन्नाने आधी दाराकडे बघितलं, मग आवाज अगदी खाली आणला. "टेरिबल वुमन."

मिलिंद परत आईसमोर येऊन उभा राहिला. काकूंनी पिठाच्या हातानेच त्याला बाजूला केलं, उजेड अडत होता म्हणून.

"तुम्ही व्हा पुढे. आणि रश्मीला सांग, डब्लिनला गेल्यागेल्या पाच किलो बारीक रवा आणून ठेव म्हणावं. तोवर मला इथे कामं आहेत."