चांदण्या पाखातल्या टोपल्या

टोपलीवाल्या मावशीला रिकाम्या हातानं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नार्नूरच्या आठवडी बाजारात गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिच्या बोटांत बांबूची कामटी फिरतच असायची. "जरा निवांत बसा की," म्हटलं तर म्हणायची, "निवांत बसलं का अंग दुखते, बाई." मी तिथल्या शाळेत शिक्षिका, पण तिच्याजवळ दहा मिनिटं बसलं की आपण दिवसभर नुसते खडू घासत बसलो असं वाटायचं.

जंगलातल्या कोलाम गुड्यावरून, कोलामांच्या पाड्यावरून, ती चालत यायची. तिच्या टोपलीला भुंगा लागत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पाखातच. चंद्र वाढत असताना तोडलेल्या बांबूला भुंगा धरतो, म्हणून तेव्हा ती कोयत्याला हात लावत नसे. कोणी अडून बसलं तर म्हणे, "बांबूले घाई नाई, तुमालेच हाय."

आणि घाई केली ती मी. मोठी शहाणी ना! आदिलाबादच्या प्रदर्शनाला आठ दिवसांत तीस टोपल्या हव्या होत्या. तिला न विचारताच मी हो म्हणून बसले. पाख चांदणं होतं. ती दोनदा नाही म्हणाली. "मी शब्द दिलाय मावशी, माझी लाज राखा," म्हटल्यावर सकाळी कोयता घेऊन जंगलात गेली.

टोपल्या हातोहात खपल्या; प्रदर्शन बघायला आलेल्या नार्नूरच्या बायकांनीही घेतल्या. दोन-तीन महिन्यांत त्यांना भुंगा लागला, पोखरलेल्या बांबूचं पीठ गळायला लागलं. नार्नूरच्या बायकांनी भर बाजारात त्या तिच्यापुढे आणून टाकल्या. एकीनं विचारलं, "काऊन वं, आता तूबी फसवून राह्यली?"

"बांबू मीच तोडला. चूक मायी," मावशी म्हणाली.

मी भाजीची पिशवी धरून शेजारीच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. पण बाईंचंही चुकतं असं गाव म्हणेल, या भीतीनं तोंड उघडलं नाही. मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती बाजारात आली नाही. माफी मागायला गुड्यावर गेले तर म्हणाली, "तुमी सांगतलं, पन कोयता माया हाती होता." मागच्या उन्हाळ्यात ती गेली.

परवा बाजारात त्या बायकांपैकी एक भेटली. तिला थांबवून म्हटलं, "तो बांबू माझ्या हट्टानं तोडला होता. मावशीची चूक नव्हती."

कमरेवरची प्लास्टिकची टोपली तिनं दुसऱ्या बाजूला घेतली. "कोनती मावशी, बाई?"