भेव लागते जी

डोंगा काठाला लागायच्या आधी तो उभा राहायचा, वल्हं आडवं धरायचा आणि रिकाम्या जंगलाला हाका मारायचा. "ए लोमेश, तू तिकून ये बे! बंडू, कुऱ्हाड घेतली का? चला, अर्धे इकून, अर्धे तिकून!"

पहिल्या दिवशी मी आपली वेड्यासारखी झाडीत बघत राहिले. म्हटलं, येतील आता वीसेक माणसं. कोणी येईना. विचारलं, "भाऊ, कुठे आहेत हे सगळे?"

"कुठीच नाई जी. वाघाले काय मालूम?" वर स्वतःच म्हणाला, "मले भेव लागते जी म्याडम. सांगून ठेवतो. मंग म्हणसान, सांगतलं नाई."

भ्यालेला पुरुष तुम्हीही पाहिला असेल. आधी मिशीवरून हात फिरवतो, मग दुसऱ्यालाच पुढे ढकलतो. आमच्या घरी असे तीन आहेत. हा बाबा मात्र आपल्या भीतीची दवंडी पिटायचा, आणि त्याची त्याला लाजही नव्हती.

मी बल्लारपूरची, मोजणीचं काम करते. सिंदेवाहीच्या पुढे जंगलात एक जुना, अवाढव्य तलाव आहे. एका ठेकेदाराला तिथे पर्यटकांसाठी तंबू टाकायचे होते, म्हणून काठाचा आणि आतल्या बेटांचा नकाशा करायला मला पाठवलं. गावाकडची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, सोडली तर त्या काठावर माणसाची वस्ती नाही. रस्ता नाही, पायवाट नाही. मोह, ऐन आणि बांबू थेट पाण्यापर्यंत उतरलेले. बेटं म्हणजे खरं तर टेकड्याच. तलाव भरला की त्यांचे माथे तेवढे वर राहतात. डोंग्याशिवाय तिथे जाता येत नाही, आणि डोंगा चालवायला गावच्या मच्छीमार सोसायटीने हा माणूस दिला. पन्नाशीचा, काटकुळा, मान सारखी इकडून तिकडे फिरणारा.

डबा तो काठावर उघडू द्यायचा नाही. तलावाच्या मधोमध डोंगा थांबवायचा आणि आम्ही एकमेकांकडे पाठ करून जेवायचो. "तुमी मांगं पाहा, मी समोर पाहतो." एकदा मला हसू आवरेना. तो गंभीरपणे म्हणाला, "हसा जी. पण मांगं पाहून हसा."

त्याचा साळा नागपूरला दवाखान्यात होता, तेव्हाची गोष्ट त्यानेच सांगितली. लिफ्टमध्ये हा काही चढला नाही. "दार बंद झालं अन् उघडलंच नाई तं?" म्हणून जिन्याने पाचवा मजला गाठला. मधे प्रत्येक मजल्यावर बसला. वर पोचला तेव्हा भेटायची वेळ संपली होती. साळ्याने वॉर्डाच्या खिडकीतून हात हलवला, यानेही हलवला आणि जिन्यानेच खाली आला.

बायको अगदी उलट. ठेंगणी, खणखणीत आवाजाची. "आमच्या यायले पानकोंबडीचंबी भेव लागते," असं ती त्याच्या तोंडावर सांगायची आणि तो मान डोलवायचा. मोहफुलांच्या दिवसांत ती पहाटेच टोपलं घेऊन जंगलात निघे. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्याच गल्लीतली एक बाई मोह वेचता वेचता वाघाने नेली होती. तेव्हापासून याची झोप उडाली. आपली बायको वाकून वेचत असते, मागे पाहत नाही, हे त्याच्या डोळ्यापुढून हलेना. "बाई वाकली का वाघाले ते जनावर वाटते जी. मी लाख वेळा सांगतलं. आयकते का?"

नवरा-बायकोचं खूप वाजलं. शेवटी यानेच तोड काढली. सगळ्यात मोठ्या बेटावर मोहाची जुनी, दांडगी झाडं होती. तिने तिथेच जायचं, दुसरीकडे नाही. कामावर येताना तो तिला बेटाच्या गावाकडच्या बाजूला उतरवायचा आणि दुपारी आणायला जायचा. "चारी आंगानं पाणी हाय. वाघाले पोहता येते, मालूम हाय मले. पण इतकं जंगल सोडून तो तिथी कायले जाईन?" त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच पोटभर जेवताना दिसला.

मग तो दिवस आला. बायकोला उतरवून आम्ही दूरचा काठ मोजला आणि उन्हं तापल्यावर मोठ्या बेटाच्या मागच्या अंगाला वळलो. गावाकडून ते अंग दिसत नाही. तिकडे मासेही लागत नाहीत, त्यामुळे कोणी फिरकत नाही. उन्हाळी धानासाठी तलावातून नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी सोडलं होतं आणि तलाव भराभर उतरत होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वळण घेतलं आणि त्याचं वल्हं थांबलं.

समोर पाणीच नव्हतं. बेट आणि जंगल यांच्यामध्ये चिखलाचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. त्यावर वाघाची पावलं होती, इतकी ताजी की त्यांत अजून पाणी झिरपत होतं. जंगलातून निघून बेटाकडे गेलेली. मी परतीची पावलं शोधली. पुन्हा पुन्हा पट्टाभर डोळे फिरवले. नव्हती. तेवढ्यात बेटावर वानरं खेकसायला लागली.

वाटलं, आता हा ओरडेल. त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"फिरून जाऊ, भाऊ! डोंग्यानेच जाऊ!"

"लय वेळ लागन जी." वल्हं माझ्या हातात देऊन तो चिखलात उतरला. "तुमी पाण्यातच राहा. उतरू नका."

मांडीपर्यंत रुतत तो त्या पावलांच्या बाजूबाजूने निघाला. रडत होता. चांगले हुंदके ऐकू येत होते. एकदा थांबला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, येतोय परत. देवाशपथ, यावं असंच वाटत होतं, कारण त्या डोंग्यात मी एकटी होते. पण तो पुढे गेला आणि झाडीत दिसेनासा झाला.

वानरं गप्प झाली. ते जास्त वाईट होतं.

आणि मग तो झाडीतून बाहेर आला. वाघ. कसली घाई नाही. त्याच पट्ट्यावरून, आमच्या भाऊच्या पावलांवर पाय देत जंगलाकडे निघाला. मधेच थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडावं, आडवं पडावं, काही म्हणजे काही सुचलं नाही. मी फक्त त्याचं तोंड बघत होते. तोंडाला काही लागलंय का? हनुवटीपर्यंत चिखल होता. चिखलच होता की आणखी काही, ते कळेना. तो गेला.

मला वल्हं मारता येत नाही. डोंगा जागच्या जागी गिरक्या घ्यायचा. रडत, शिव्या देत, कधी डोंग्यातल्या बांबूने तळ ढोसत मी कशीबशी बेटाला वळसा घालून गावाकडच्या बाजूला आले. काठावर टोपलं उपडं पडलं होतं आणि फुलं मातीत पसरली होती. माणूस दिसेना.

"म्याडम!"

ती दोघं पाण्यात होती, गळ्यापर्यंत. वाघ दिसताच ती मागे मागे सरत पाण्यात शिरली होती, आणि याने तिला तिथे गाठलं होतं. दोघांनी एकमेकांचे हात धरले होते. ती आधी चढली. त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं, तिने सदऱ्याला धरून त्याला आत ओढलं. तो इतका कापत होता की डोंगा हलत होता. माझ्या हातातलं वल्हं तिने घेतलं.

बरंच पाणी कापल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "चिखलात वाघाचे पाय दिसले होते ना तुमाले?"

"दिसले."

"मंग काऊन आले?"

"तुले एकटीले भेव लागत असन म्हणून."

ती वल्हवायची थांबली. पानकोंबडीवरून नवऱ्याला चिडवणारी ती बाई, तिचा चेहरा पार उतरला होता. "लागत होतं," ती म्हणाली. "खूब लागत होतं."

तंबू काही आले नाहीत. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कावीळ झाली आणि तो घरीच, आपल्या खाटेवर गेला. मला उशिरा कळलं. मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको दारात बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

"एकटेच गेले जी," ती म्हणाली. "मले तिथी जाता येत नाई. भेव लागत असन त्यायले."