मोडलेल्या नूडल्स

गॅसवर पाणी ठेवलं आणि दादाने ओसाकाहून पाठवलेल्या सॉसच्या बाटलीचं झाकण उघडलं. आंबटगोड, किंचित करपल्यासारखा वास आला, आणि मी थेट भोईवाड्यातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत जाऊन पोचले.

दादा कंपनीच्या ट्रेनिंगवरून पहिल्यांदाच जपानहून आला होता. रविवारी सगळ्यांना याकीसोबा, म्हणजे तिकडच्या परतलेल्या नूडल्स, खाऊ घालायच्या म्हणून त्याने कोबी, गाजर आणि चिकन चिरून ठेवलं. मोरीत हात धुवायला गेला, तेवढ्यात आईने नूडल्सची वडी शेवयांसारखी कडाकड मोडून आधणात टाकली.

"आई, मोडल्यास कशाला? त्या लांबच खायच्या असतात," दादा वैतागला.

"लांब रवल्यो तर एकाच्याच ताटात जातल्यो," आई शांतपणे म्हणाली. "मोडल्यो म्हणजे सगळ्यांक सारख्यो येतत."

सगळे म्हणजे बाबा, आम्ही भावंडं, ती स्वतः आणि शेजारच्या काकूंकडे जायची वाटी. तेव्हा मला तिच्या अडाणीपणाचं हसू आलं होतं. आता वाटतं, ताटं डोळ्यांसमोर ठेवूनच ती स्वयंपाकाला उभी राहायची.

आईबाबा गेले. दादा तिकडचाच झाला. या टॉवरमध्ये समोरच्या दारामागे कोण राहतं, मला ठाऊक नाही.

पाणी उकळलं. सवयीने वडी मोडायला दोन्ही हातांत धरली, आणि तशीच अख्खी पाण्यात सोडून दिली.